दादासाहेबांची काच

आमच्या मुलुंडच्या पश्चिमेला डोंगराची जी रांग दिसते, तिच्या पलीकडे गोरेगाव. त्या बाजूच्या उतारावर चित्रनगरी वसली आहे आणि तिला नाव आहे दादासाहेब फाळक्यांचे. डोंगराच्या अलीकडे राहणाऱ्या आम्हा मुलुंडकरांना चित्रनगरी दिसत नाही, पण आमच्या स्टेशनातून जाणारा लोहमार्ग मात्र दादासाहेबांच्या चांगला ओळखीचा होता. त्यांच्या पहिल्या चित्रपटाचे घरातले प्रसंग दादरला चित्रित झाले आणि बाहेरचे बदलापूरच्या पुढे वांगणीला. दादरहून वांगणीला निघालेली ती मंडळी, त्यांच्या पेट्या, लाकडी तलवारी आणि तो एकुलता एक कॅमेरा, हे सारे १९१२ साली मुलुंडवरूनच गेले असणार. तेव्हा मुलुंड हे आडबाजूचे गाव होते आणि गाडी वाफेवर चालत होती.

फाळक्यांची गोष्ट मराठी घरांत सगळ्यांना थोडीफार ठाऊक असते. परेश मोकाशींच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ने तर ती मुलांपर्यंतही पोचवली. विमा गहाण टाकला, बायकोचे दागिने मोडले, स्त्री-भूमिकेला पुरुष उभा केला, हे सगळे आपण ऐकलेले असते. मला छायाचित्रणाची हौस आहे आणि जुनी भिंगे उलटसुलट करून पाहण्याचा नाद आहे. म्हणून हे आयुष्य मला नेहमी त्या कॅमेऱ्याच्या काचेतून पाहावेसे वाटते. त्या काचेने दादासाहेबांना काय दिले, काय दिले नाही, आणि जे दिले नाही ते त्यांनी कसे भरून काढले, हे आज सांगायचे आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात अध्यापकाची जागा मिळाली आणि कुटुंब मुंबईला आले. पौरोहित्याच्या परंपरेतल्या या मुलाचा ओढा रंगरेषांकडे होता. १८८५ मध्ये तो जे. जे. कलाशाळेत दाखल झाला, आणि १८९० च्या सुमारास बडोद्याच्या कलाभवनात. कलाभवनचे प्रमुख प्रा. गज्जर हे रसायनशास्त्रातले मोठे नाव. त्यांनी या विद्यार्थ्याची चिकाटी ओळखली आणि संस्थेची छायाचित्रणशाळा त्याला मोकळी करून दिली. कॅमेरा, काळोखी खोली आणि रसायने यांच्याशी फाळक्यांची गाठ पडली ती इथे.

त्या वेळी कॅमेऱ्याचे भिंग कोणत्या अवस्थेत होते, हे थोडे समजून घेऊ. एकच फुगीर काच घेऊन चित्र पाडायला गेले, तर मध्यभाग ठीक उमटतो. पण कडा पुसट होतात, सरळ रेषा वाकतात, आणि निरनिराळ्या रंगांचे किरण वेगवेगळ्या अंतरावर एकवटतात. आपल्या लहानपणच्या बॉक्स कॅमेऱ्यातले फोटो आठवा. मधली आजी स्वच्छ, आणि कडेला उभा राहिलेला चुलतभाऊ धुक्यात! यावर उपाय म्हणजे एका काचेचा दोष दुसऱ्या, वेगळ्या जातीच्या काचेने खोडायचा. व्हिएन्नाचे गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झवाल यांनी १८४० मध्ये आकडेमोड करून असे भिंग आखले आणि चेहऱ्यांचे छायाचित्रण सोपे झाले. फाळके छायाचित्रणात मुरत होते त्याच काळात, १८९३ मध्ये, इंग्लंडात यॉर्कच्या एका दुर्बिणीच्या कारखान्यातले डेनिस टेलर यांनी अवघ्या तीन सुट्या काचांचे भिंग सिद्ध केले. त्यात कडेपासून कडेपर्यंत चित्र नेटके उमटू लागले. १९०२ मध्ये जर्मनीतल्या येना इथे झाइस कंपनीच्या पॉल रुडॉल्फ यांनी चार काचांचे ‘टेसार’ आणले. या दोन आराखड्यांची वंशावळ पुढे जगभरच्या कॅमेऱ्यांत पसरली.

इकडे फाळक्यांच्या नशिबात स्थैर्य नव्हते. गोध्र्याला प्लेग आला. त्यात पहिली पत्नी आणि मूल गेले. स्टुडिओ बंद पडला. पुढे एका जर्मन जादूगाराच्या सहवासात ते हातचलाखी आणि दृष्टिभ्रमाचे प्रयोग शिकले आणि ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने स्वतःही खेळ करू लागले. फाळके हे आडनाव उलटे वाचले की केळफा होते! १९०२ मध्ये गिरिजा करंदीकर यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला आणि लग्नानंतर त्या सरस्वतीबाई झाल्या. १९०३ पासून काही वर्षे पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी झाली. ती सोडून त्यांनी छपाईचा व्यवसाय धरला. राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या छपाईचे काम केले. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे पाहायला जर्मनीला जाऊन आले. धंदा भरभराटीला आला असताना भागीदारांशी पटेना, म्हणून तोही सोडला. चाळिशी उलटलेली, पदरी मुलेबाळे, आणि हाती काही नाही.

अशा दिवसांत गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त हलत होता आणि फाळक्यांच्या मनात त्या जागी राम आणि कृष्ण उभे राहत होते. त्यानंतर ते झपाटल्यासारखे झाले. मिळेल तो चित्रपट पाहायचा. घरी लहानसा कॅमेरा आणि फिल्मचे तुकडे आणून रात्र रात्र मेणबत्ती आणि भिंगाने भिंतीवर चित्रे पाडायची. झोप नाही, विश्रांती नाही. या जागरणांचा परिणाम डोळ्यांवर झाला. नजर मंदावत गेली आणि एक वेळ अशी आली की दिसेनासेच झाले.

ज्या माणसाला देशाला चित्रे दाखवायची होती, त्यालाच अंधाराने गाठले. मुंबईचे डॉ. प्रभाकर यांनी उपचार केले. तीन-चार निरनिराळे चष्मे देऊन, एकेका अंतरासाठी एकेक काच लावून त्यांनी फाळक्यांना पुन्हा पाहते केले. भारतीय चित्रपटाचा जन्म ज्या काचांवर अवलंबून होता, त्यांत कॅमेऱ्याच्या भिंगाआधी या चष्म्याच्या काचा येतात, हे आपण सहसा विसरतो.

दृष्टी परतल्यावर त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण ठेवली आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनला प्रयाण केले. तिथे चित्रपट-साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांनी प्रथम त्यांना या भानगडीत न पडण्याचाच सल्ला दिला. मग माणसाची जिद्द पाहून त्यांनीच निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ यांनी आपला कारखाना आत-बाहेर दाखवला. फाळक्यांनी पन्नास पौंडांना विल्यमसन कॅमेरा घेतला. कोरी फिल्म आणि तिला कडेची भोके पाडण्याचे यंत्र मागवले आणि १ एप्रिलला ते मुंबईत परत आले.

आता त्या कॅमेऱ्याच्या काचेकडे येतो. त्या काळातल्या चलच्चित्र कॅमेऱ्यांना तीन-चार काचांची भिंगे असत, आणि या सगळ्या काचा उघड्या, बिनलेपाच्या. साध्या काचेचा एक गुण आपण रोज पाहतो. रात्री खिडकीत उभे राहिलो की बाहेरचा रस्ता दिसतो आणि आपला चेहराही दिसतो. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश मागे फिरतो. चार टक्के म्हणजे फारसे काही नाही असे वाटेल. पण तीन सुट्या काचांना सहा पृष्ठभाग असतात. सहा वेळा चार-चार टक्के वजा होत गेले की शंभरातले अठ्ठ्याहत्तरच पलीकडे पोचतात.

हे नुकसान एकवेळ सोसता येते. मागे फिरलेल्या प्रकाशाचे काय होते, हा खरा प्रश्न आहे. तो काचांच्या आतच इकडून तिकडे आपटतो आणि त्यातला काही भाग शेवटी फिल्मवर जाऊन पडतो. पण नको त्या ठिकाणी. काळ्या केसांवर, सावलीत, काळोख्या दारात तो पातळ धुक्यासारखा पसरतो. काळे राखाडी होते, पांढरे मळकट दिसते, आणि चित्रातला उठाव जातो. सूर्य समोर असला तर चित्रात प्रकाशाचे गोल ठिपके उमटतात. म्हणून भिंग जितके गुंतागुंतीचे, काचा जितक्या जास्त, तितके हे धुके दाट. म्हणजे आखणी करणाऱ्यांपुढे पेच होता. कडा स्वच्छ करायच्या तर काचा वाढवाव्या लागतात, आणि काचा वाढवल्या तर चित्र धुरकटते. टेलर यांनी तीन काचांत भागवले याचे मोल इथे कळते.

फाळक्यांनी हा पेच भिंगाबाहेर सोडवला. कॅमेरा आणल्यावर त्यांनी आधी वाटाण्याचे रोप वाढताना टिपले. महिनाभर रोज थोडी थोडी फिल्म उतरवून सुमारे मिनिटभराची ‘अंकुराची वाढ’ तयार केली. ती पाहून छायाचित्रणाच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांनी पैसे दिले. बाकीचे सरस्वतीबाईंच्या दागिन्यांतून उभे राहिले. दादरच्या मुख्य रस्त्यावरच्या मथुराभवनात काम सुरू झाले. आज त्या रस्त्याला दादासाहेबांचेच नाव आहे.

विजेचे मोठे दिवे नव्हते. सारी मदार सूर्यावर. फिल्मही आजच्या मानाने फार मंद. तिला निळा प्रकाश कळायचा, तांबडा जवळजवळ कळायचाच नाही. उन्हात उभ्या असलेल्या नटाचा अर्धा चेहरा झळाळायचा आणि उरलेला अर्धा काळोखात बुडायचा. अशा वेळी सरस्वतीबाई पांढऱ्या चादरी हातात धरून तासन्‌तास उन्हात उभ्या राहत. चादरीवर पडलेले ऊन वळून नटाच्या सावलीतल्या गालावर जाई. चादर थोडी हलली, हात दुखून खाली आला, की चेहऱ्यावरचा उजेड बदललाच. दिवसा चादर, आणि रात्री बंद खोलीत काळोखात फिल्मला भोके पाडणे आणि ती धुण्याची रसायने कालवणे. शिवाय कंपनीतल्या सगळ्यांचा स्वयंपाक होताच. कॅमेऱ्याचे काम दादासाहेबांनी आपले मित्र त्र्यंबक तेलंग यांना शिकवून तयार केले होते. सूर्य भिंगावर सरळ येऊ द्यायचा नाही, तो पाठीशी किंवा बाजूला ठेवायचा, हा त्या काळच्या प्रत्येक कॅमेरामनने पाळायचा पहिला नियम.

वांगणीला मंडळी तलवारी घेऊन उतरली तेव्हा गावकऱ्यांना दरोडेखोर आल्याचे वाटले, ही हकिकत प्रसिद्धच आहे. तिथेच रोहिदासाचे काम करणारा त्यांचा मुलगा भालचंद्र पडून डोक्याला लागले. तरीही काम थांबले नाही. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला, आणि ३ मे रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र आणि अण्णा साळुंके तारामती. भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट म्हणून तो नावाजला गेला.

त्याच वर्षी फाळके नाशिकला गेले. ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘सत्यवान सावित्री’ झाले. १९१४ मध्ये हे चित्रपट लंडनला दाखवले तेव्हा तिथल्या जाणकारांनी तंत्राची वाखाणणी केली. १९१७ मध्ये ‘लंकादहन’ आला आणि त्यात साळुंकेंनी राम आणि सीता दोन्ही साकारले. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. या चित्रपटाच्या आरंभी ती आपल्या रूपात दिसते आणि बघता बघता कृष्ण होते. अशी जादू त्या काळी कॅमेऱ्यातच करावी लागे. एकाच फिल्मवर दोनदा चित्र उतरवायचे. पहिल्या वेळी जो भाग कोरा ठेवायचा, तो खरोखरच काळा राहिला पाहिजे. भिंगातल्या धुक्याने तो राखाडी झाला तर युक्ती उघडी पडते. जादूच्या खेळात काळ्या पडद्याचे महत्त्व शिकलेले प्रोफेसर केळफा इथे कामी आले. उजेड कुठे पडू द्यायचा यापेक्षा कुठे पडू द्यायचा नाही, याचा विचार त्यांनी अधिक केला असावा, असे ही दृश्ये पाहताना मला वाटते.

आता या कथेतला योगायोग पाहा. काचेतल्या धुक्यावरचा उपाय दादासाहेबांच्या हयातीतच सापडला होता. टेलर यांच्या एक विचित्र गोष्ट लक्षात आली होती. हवेने काळवंडलेली जुनी भिंगे नव्या लखलखीत भिंगांपेक्षा अधिक प्रकाश आत सोडत होती. जो डाग म्हणून पुसायचा, तोच उपकारक होता! १९०४ मध्ये त्यांनी काच मुद्दाम काळवंडवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. पण दर वेळी सारखा परिणाम येईना. मग तीस वर्षे गेली. १९३५ मध्ये झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वात पेटीत एक क्षार तापवून त्याची वाफ काचेवर बसवण्याची रीत काढली. अमेरिकेत जॉन स्ट्राँग आणि कॅथरीन ब्लॉजेट यांनीही त्याच काळात आपापल्या मार्गाने तेच साधले.

हा लेप करतो काय? लेप दिलेल्या काचेवरून प्रकाश दोन ठिकाणी परततो. एकदा लेपाच्या वरच्या पृष्ठावरून आणि एकदा लेपाखालच्या काचेवरून. लेपाची जाडी प्रकाशलहरीच्या लांबीच्या पाव हिश्शाएवढी ठेवली, म्हणजे मिलिमीटरचा सुमारे दहा हजारावा भाग, की एका परतणाऱ्या लहरीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात पडतो. दोघी एकमेकींना खोडतात. आणि मागे न फिरलेला प्रकाश वाया न जाता पलीकडे जातो. चार टक्क्यांचे परावर्तन एका लेपाने दीड टक्क्याच्या आसपास येते. १९७० नंतर एकावर एक अनेक लेप देण्याची रीत रुळली आणि ते अर्ध्या टक्क्याच्याही खाली आले. आजच्या झूम भिंगांत पंधरा-पंधरा काचा असतात. लेप नसता तर त्यांतून तीस टक्के प्रकाशही पार झाला नसता. लेपामुळे आखणी करणाऱ्याला हव्या तितक्या काचा वापरण्याची मोकळीक मिळाली. आखणी आणि लेप अशी ही जोडी आहे.

घरी करून पाहण्याजोगा एक प्रयोग सांगतो. आजोबांचा जुना चष्मा आणि हल्लीचा ‘अँटी-ग्लेअर’ चष्मा ट्यूबलाइटखाली शेजारी धरा. जुन्यात नळीचे लख्ख पांढरे प्रतिबिंब दिसेल. नव्यात फिकट हिरवे किंवा जांभळे. मुलुंडच्या कुठल्याही चष्म्याच्या दुकानात ‘कोटिंग करायचे का’ असे विचारतात, ते हेच. सगळ्या रंगांच्या लहरी एकाच जाडीने सारख्या खोडल्या जात नाहीत. जे थोडेसे उरते त्याचा तो रंग. मोबाइलने रस्त्यावरच्या दिव्याचा फोटो काढताना कधी कधी एक हिरवट ठिपका भलतीकडेच उमटतो. तो त्याच जुन्या शत्रूचा उरलासुरला अंश.

दादासाहेबांपर्यंत हा लेप पोचला नाही. झाइसचा शोध आधी लष्कराच्या दुर्बिणींसाठी गुपित ठेवला गेला आणि कॅमेऱ्यांच्या भिंगांवर तो सर्रास दिसू लागला दुसऱ्या महायुद्धानंतर. दरम्यान दादासाहेबांच्या आयुष्याची उतरण लागली होती. १९१८ मध्ये उभी राहिलेल्या हिंदुस्थान फिल्म कंपनीत भागीदारांशी मतभेद झाले. ते काशीला गेले, ‘रंगभूमी’ नाटक लिहिले, परत आले. १९३१ मध्ये चित्रपट बोलू लागला आणि मूकपटांचा जमाना संपला. १९३२ चा ‘सेतुबंधन’ हा त्यांचा अखेरचा मूकपट, आणि १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला ‘गंगावतरण’ हा एकुलता बोलपट आणि शेवटचा चित्रपट. नव्वदहून अधिक चित्रपट करून १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांनी डोळे मिटले. १९६९ पासून त्यांच्या नावाने देशातला सर्वोच्च चित्रपट-पुरस्कार दिला जातो.

त्यांच्या चित्रपटांचे जे तुकडे वाचले, ते आज पाहायला मिळतात, यामागे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे मोठे श्रेय आहे. मी ते पाहतो तेव्हा आधी कथा पाहत नाही. तारामतीच्या चेहऱ्याची सावलीकडची बाजू पाहतो. तिथे उजेड आहे. मंद फिल्म, बिनलेपाची काच आणि मुंबईचे ऊन असतानाही नाकडोळे ओळखू येतात. पडद्यावरच्या नामावळीत ज्यांचे नाव नाही, त्या सरस्वतीबाईंनी चौकटीच्या बाहेर उभे राहून तो उजेड तिथे पोचवला आहे.

भिंगावरचा लेप डोळ्याला दिसत नाही. तो आहे हे आपल्याला चित्राच्या स्वच्छपणावरूनच कळते. फाळक्यांच्या काचेला लेप नव्हता. पण त्यांच्या घरात अशी एक व्यक्ती होती. चित्रनगरीच्या नावाची पाटी वाचताना आपण दादासाहेबांना हात जोडतो, ते योग्यच आहे. त्या वेळी ती उन्हात धरलेली चादरही आठवावी.